डावीकडचा बीकर

"शनिवारी पोरीला घेऊन ये. पिवळा फ्रॉक असेल तर तो घाल, फोटोत उठून दिसतो," शेटे मॅडम म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत पुन्हा कॉम्प्युटरकडे वळल्या.

मी केबिनच्या दारात उभी होते. हातात ओल्या टेस्टट्यूबचा स्टँड.

"कुठे आणू, मॅडम?"

"इथे, लॅबमध्ये. विज्ञान दिनाचा कार्यक्रम आपण शनिवारीच उरकतोय ना. पोळसाहेब येणार, पेपरवाले येणार. त्यांना आपला प्रयोग दाखवायचा आणि शेवटी मुक्ता त्या पाण्यात हात घालून खेळतेय असा फोटो. केमिस्ट्री म्हटलं की लोकांना वास, धूर आणि मेलेले मासेच आठवतात. एका फोटोत सगळं पुसून निघेल."

"मॅडम, ती सव्वा वर्षाची आहे. हाताला लागेल ते तोंडात घालते."

"घालू दे की. तेच तर दाखवायचंय."

त्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची आजसुद्धा मला लाज वाटत नाही, संताप येतो. गोष्टीला दहा-बारा वर्षं होऊन गेली, तरी येतो.

शेटे मॅडम माझ्या गाइड. कराडपासून थोडं आत असलेल्या एका कॉलेजात त्यांची लॅब होती आणि मी तिथे पीएचडी करत होते. मला सातवा महिना लागला असताना मी गाइड शोधत फिरत होते. एका सरांनी माझ्या पोटाकडे बघून सांगितलं होतं, "आधी हा प्रोजेक्ट पूर्ण करा, मग या." शेटे मॅडमनी मात्र खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, "बस ग. माझा राहुल ह्याच टेबलाखाली रांगलाय. बाळंतपण म्हणजे काय आजार नव्हे." पुढे मुक्ता झाल्यावर, पाळणाघरातल्या काकू तिला दुपारी पाजायला घेऊन आल्या की मॅडम स्वतःची केबिन मोकळी करून द्यायच्या आणि बाहेर स्टुलावर पेपर तपासत बसायच्या. कुणी आलं तर म्हणायच्या, "आत मीटिंग चालू आहे."

म्हणजे बाई वाईट होती असं म्हणून मला सुटता येत नाही. तसं असतं तर सोपं झालं असतं.

आमचं काम होतं लोखंडाच्या धुळीचं. धूळ इतकी बारीक, की चिमूटभर पाण्यात टाकली तर पाणी शाईसारखं काळं व्हावं आणि कण मात्र एकही दिसू नये. प्रत्येक कणाचा गाभा लोखंडाचा, त्यावर काचेसारखा पातळ थर आणि त्या थराला रासायनिक आकड्यांनी अडकवलेलं तांबं. खरं काम करायचं ते तांबं. औषधांच्या कच्च्या मालातला एक पदार्थ एरवी डोकं उठवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये करावा लागतो. आमच्या धुळीमुळे तो साध्या पाण्यात व्हायचा. पदार्थ झाला की भांड्याला बाहेरून चुंबक लावायचं. सगळं काळं सरसरत एका बाजूला गोळा व्हायचं. मग पदार्थ गाळून घ्यायचा, खाली उरायचं निवळशंख पाणी. धूळ धुवायची आणि पुन्हा वापरायची.

मॅडम हे फार रंगवून सांगत. "कॅटलिस्ट म्हणजे लग्न जुळवणारी मावशी. दोघांना एकत्र आणते, अक्षता टाकते आणि स्वतः होती तशीच. आता बाकीच्यांची मावशी मांडवातच ठाण मांडून बसते, हलवता हलत नाही. आमची मावशी गुणाची. चुंबक दाखवलं की निघाली."

पहिल्या आठवड्यात मी सवयीने ढवळायची चुंबकाची कांडी भांड्यात सोडली होती. सगळी धूळ कांडीलाच जाऊन बिलगली. मॅडम पोट धरून हसल्या. "अगं, लेकरू आईला चिकटावं तशी चिकटली बघ. काढ ती कांडी. इथे वरून पात्यानं ढवळायचं." त्या दिवशी मला वाटलं होतं, ह्या बाईकडून आयुष्यभर शिकावं.

मग जानेवारीत एकदा काय झालं, प्रयोग निम्म्यावर होता आणि पाळणाघरातून फोन आला की मुक्ताला ताप भरलाय. मी घाईघाईने चुंबक लावलं, काळं बाजूला ओढलं, वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि ते भांडं हीटरवरच टेकवलं. धूळ काढली म्हणजे क्रिया तिथल्या तिथे थांबणार आणि ती किती झाली होती ते उद्या मोजता येणार, असा हिशोब. पर्स उचलली आणि पळाले. हीटर बंद करायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी इरफान दारातच भेटला. इरफान मुल्ला, माझ्यासोबत काम करणारा, माझ्याहून एक वर्ष पुढे.

"ताई, तुमचा हीटर रात्रभर चालू. कॉलेज जाळता का काय? सकाळी मी बंद केला."

मला घाम फुटला. त्याच घामट हातांनी मी त्या पाण्याचा थेंब तपासायच्या पट्टीवर दिला आणि पट्टी दिव्याखाली धरली. कच्च्या मालाचा ठिपका दिसायला हवा होता. नव्हता. जेवढा माल होता तेवढ्या सगळ्याचा पदार्थ झालेला. धूळ नसताना.

मावशीला मांडवाबाहेर काढून मी दार लावलं होतं आणि आत लग्नं लागतच होती.

इरफानने पट्टी माझ्या हातून घेतली, उलटसुलट करून बघितली आणि हळू म्हणाला, "मावशी गेली, पण पिशवी मांडवातच ठेवून गेली वाटतं."

म्हणजे तांबं सुटत होतं. आकड्यांवरून निसटून पाण्यात जात होतं. चुंबक लोखंडाला ओढतं, सुटलेल्या तांब्याला कोण ओढणार? ते त्या निवळशंख पाण्यात तसंच राहत होतं.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

"चुंबक नीट लागलं नसेल. तू घाईत होतीस."

"पाणी स्वच्छ होतं, मॅडम."

"तुझ्या डोळ्यांना. झोप होते का ग तुझी?" त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. मी एकदा साखर समजून चहात सोडा टाकून सरांना दिला होता. पहिलं वर्ष मुलांचं असतं, आपलं डोकं आपल्याकडे नसतं."

मी प्रयोग पुन्हा केला, सावकाश, इरफानला शेजारी उभं करून. तेच. मॅडम म्हणाल्या, भांडी आधीची खरकटी असतील. मी भांडी आम्लाने धुतली, पुन्हा केला. तेच. मॅडम म्हणाल्या, हे आपण पेपर छापून आल्यावर निवांत बघू.

शेवटी मी ते पाणी आटवलं. मोठ्या भांड्यातलं चमचाभर होईपर्यंत आटवलं आणि त्यात अमोनियाचे थेंब सोडले. ह्याला पीएचडी लागत नाही, बीएस्सीची पोरंही करतात: तांबं असेल तर निळं होतं. माझ्या डोळ्यांदेखत निळं झालं, शाळेतल्या शाईइतकं निळं. ती टेस्टट्यूब घेऊन मी केबिनमध्ये गेले.

मॅडमनी ती खिडकीपाशी नेली. बराच वेळ उजेडात धरून बघत राहिल्या. मग अलगद स्टँडमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "वृंदा, रागावू नकोस. पण तू थोडे दिवस सुट्टी घेतेस का?"

आणि मी खरंच विचार करू लागले, की घ्यावी का सुट्टी. माझ्याकडून हीटर राहिला होताच ना. त्या दिवसांत मी घराला कुलूप लावून खाली उतरायचे आणि पुन्हा वर जाऊन कडी ओढून बघायचे. मुक्ताचं दूध ऊन आहे का हे तीनदा मनगटावर टाकून बघायचे. जमिनीवर पडलेलं बटण, शेंगदाणा, पिन ह्यांच्यावर डोळा ठेवून चालायचे. अशा बाईने निळं बघितलं म्हणजे निळं असेलच कशावरून? राग यायचा, पण मॅडमचा यायचा नाही. माझाच मला यायचा.

त्या बुधवारी, फोटोचं ऐकून घरी आल्यावर मी नवऱ्याला, संग्रामला फोन केला. तो नोकरीला पुण्यात, शनिवार-रविवार घरी यायचा. तो शनिवार मात्र त्याचा कामाचा होता.

"फोटोच ना? मग काढू दे की. पेपरात येईल पोरगी."

"अरे, त्या पाण्यात तांबं आहे. आणि तांब्याबरोबर आणखी काय काय आहे."

"तुझ्या मॅडम तर नाही म्हणतात."

"मी आहे म्हणते."

"वृंदा, तुझी झोप नीट..."

मी फोन ठेवून दिला. भिंतीवर काहीतरी फेकावंसं वाटलं, पण हाताशी फक्त मुक्ताची बाटली होती.

गुरुवारी मी मॅडमना सांगितलं की मुक्ताला ताप आहे, तिला आणता यायचं नाही. चांगल्या धडधाकट लेकराला ताप आहे असं तोंडाने म्हणणं काय असतं ते ज्या आईने म्हटलंय तिलाच कळेल. घरी जाऊन मी तिची दृष्ट काढली, माझीच, माझ्याच शब्दांची. मॅडम मात्र लगेच म्हणाल्या, "बरं बरं. जप तिला." इतक्या सहज म्हणाल्या, की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शनिवारी सकाळी मी आणि इरफानने टेबल मांडलं. पांढरी चादर, त्यावर काळ्या पाण्याचं भांडं, मोठं चुंबक आणि पुढे दोन सारखे बीकर. टेबलामागे उभं राहिलं की डावीकडचा बीकर आमच्या प्रयोगातून उरलेल्या पाण्याचा, उजवीकडचा साध्या डिस्टिल्ड वॉटरचा.

"लेबल लावायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "लोकांना ओळखायला लावायचं. आपल्याला माहीत असलं म्हणजे झालं."

लॅब भरली. पोरंपोरी, प्राध्यापक, दोन पेपरवाले आणि त्यांच्यातला एक फोटोग्राफर. पुढच्या खुर्चीवर पोळसाहेब. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला त्यांचा औषधांच्या कच्च्या मालाचा छोटा कारखाना होता आणि मॅडमची पद्धत ते त्यांच्याकडे सुरू करणार होते. पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी, बोलणं गावातलं.

मॅडम त्या दिवशी अशा बोलल्या की काय सांगू. मावशीचं सगळं सांगितलं, पोरं खिदळली. भांड्याला चुंबक लावलं, काळं सरकलं, पाणी निवळलं, टाळ्या पडल्या. मग दोन बीकर दाखवून म्हणाल्या, "ह्यातलं एक साधं शुद्ध पाणी, एक आमच्या प्रयोगातलं. ओळखा."

पोळसाहेब उठून आले. वाकून बघितलं, वास घेतला. "हे साधं असावं," म्हणून डावीकडच्या बीकरकडे बोट केलं. पोरं म्हणाली उजवीकडचं. गलका झाला.

"सांगणारच नाही," मॅडम म्हणाल्या. "फरकच नाही तर सांगू काय?"

"म्हंजे मॅडम, कारखान्यातलं उरलेलं पाणी सरळ ओढ्याला सोडलं तर चालंल?" पोळसाहेबांनी विचारलं. "खाली आमचीच गुरं पाणी पितात, म्हणून इचारतो."

"ओढ्याला कशाला, माठात भरा."

सगळे हसले. आणि त्या हसण्यातच मागच्या दारातून आत्या आत आल्या. माझ्या सासूबाई; शनिवारी पाळणाघर बंद म्हणून मुक्ताला सांभाळायला गावाहून आलेल्या. अंगावर लग्नातली साडी आणि कडेवर पिवळ्या फ्रॉकातली मुक्ता. तीट लावलेली, डोळे मोठे करून इकडेतिकडे बघत.

मी गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ पोचले. "आत्या, हिला का आणलंत?"

"मॅडमनी सकाळी फोन केला की. म्हनल्या, ताप कसा हाय पोरीचा? म्या म्हनलं, कसला ताप, उड्या मारतीया. मग त्यांनी गाडीच धाडली." आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "फोटू हाय म्हणून मला का न्हाई सांगितलंस ग? केसं तरी नीट विंचरली असती."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं आणि खट्याळ हसल्या, जणू आम्हा दोघींत लपाछपी चालली होती आणि त्यांनी मला शोधून काढलं होतं. माझ्या पाठीमागून, माझ्या घरात फोन करून, माझ्या लेकीला गाडीत घालून आणलं होतं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मुक्ताला आत्यांकडून घ्यायला मी हात पुढे केले, पण मॅडम पोचल्या होत्या. "ये ग माझी सोनी," म्हणत त्यांनी तिला डाव्या कडेवर घेतलं आणि टेबलामागे नेलं. मुक्ता त्यांना ओळखायची. गेली हसत.

"मॅडम, पाण्यात हात जरा," फोटोग्राफर म्हणाला. "बाळा, इकडं बघ. चिऊ बघ चिऊ."

मॅडमच्या पुढ्यात दोन बीकर होते. मी टेबलाच्या ह्या बाजूला, दोन माणसांच्या मागे. आणि मी मनात म्हणत होते: उजवीकडचा घ्या. कुणाला कळणार नाही. मीही कधी बोलणार नाही, देवाशप्पथ, फोटो छापा, पेपर छापा, काय हवं ते करा, फक्त उजवीकडचा घ्या.

हाताशी होता तो डावीकडचा. त्यांनी तो ओढला आणि मुक्ताचा हात धरून त्यात बुडवला. मनगटापर्यंत.

मुक्ता खुदकन हसली. पाणी तिला आवडायचं. कॅमेरा चमकला. तिने हात बाहेर काढला, निथळणाऱ्या बोटांकडे बघितलं आणि ती तोंडाकडे नेली.

मी मधल्या दोघांना कसं बाजूला ढकललं ते मला आठवत नाही. तिचं मनगट माझ्या मुठीत आलं तेव्हा बोटं ओठांना टेकायची होती. मी तिला मॅडमच्या कडेवरून ओढूनच घेतलं. तिने भोकाड पसरलं.

"अगं, काय चाललंय तुझं?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ह्यात तांबं आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. मुक्ता रडतच होती.

"तांबं ना?" पोळसाहेब म्हणाले. "त्यात काय एवढं, ताई? तांब्याच्या हंड्यातलं पाणी आमी रोज पितो. डॉक्टरच सांगत्यात."

"त्याच हंड्यात ताक ठेवाल का?"

मागून आत्याच बोलल्या, न विचारता. "ताक कसं ठेवतील? कळकतंय की."

"तसंच आहे हे. कळकलेलं," मी म्हटलं. "दिसत नाही एवढंच."

मॅडम हसल्या. माझ्यावर नाही, सगळ्यांकडे बघून, समजुतीने. "जाऊ द्या हो. लहान पोरीची आई आहे. रात्र-रात्र जागते. मग बिचारीला जिकडेतिकडे विषच दिसतं. मीही गेलेय ह्यातून."

प्राध्यापकांतले दोघं-तिघं हसले. तेच ते हसू. मुक्ताचा ओला हात माझ्या गळ्याशी होता आणि तो माझ्या ब्लाऊजला पुसत मी म्हटलं, "मग तुम्ही घोटभर प्या, मॅडम."

"काय?"

"माठात भरा म्हणालात ना. एक घोट प्या, मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागते."

"हां, हे बराबर," पोळसाहेब म्हणाले. त्यांना त्यात वावगं काही वाटलंच नाही. "प्या मॅडम, म्हंजे विषयच मिटला."

फोटोग्राफर खूश झाला. "हा पहिल्या पानावर घेतो."

मॅडमनी पदर सावरला. बीकर घ्यायला हात पुढे केला.

डावीकडचा त्यांच्या अगदी पुढ्यात होता. मुक्ताच्या बोटांचे थेंब त्याच्या बाजूला चादरीवर पडले होते. उजवीकडचा लांब होता, काळ्या भांड्याच्या पलीकडे. सगळ्यांच्या नजरा मॅडमच्या तोंडाकडे होत्या. माझी हाताकडे होती. सव्वा वर्ष मी दुसरं काही केलंच नव्हतं. कुणाचा हात कशाकडे जातोय एवढंच बघत होते.

हात जवळच्या बीकरवरून गेला. भांड्याला वळसा घालून पुढे गेला आणि उजवीकडचा उचलला.

आणि मला सगळं कळलं. त्यांनी मला कधी खोटं मानलंच नव्हतं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, माझ्या स्वतःवर होता त्याहून जास्त. खिडकीच्या उजेडात निळी टेस्टट्यूब धरून उभ्या होत्या तेव्हाच बसला होता. माझी झोप, माझी घाई, माझं दूधपितं पोर, ह्यातलं काहीच कारण नव्हतं. मी बरोबर होते आणि हे ह्या खोलीत मॅडमइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते माहीत असताना त्यांनी माझ्या लेकीचा हात धरून त्यात बुडवला होता. तिच्यासाठी हाताला येईल तो बीकर चालत होता. स्वतःसाठी निवडावा लागत होता.

बीकर ओठांपर्यंत गेला होता.

"मॅडम, तो नव्हे," मी म्हटलं. माझा आवाज चढला नव्हता, उलट फार खाली गेला होता. मुक्ताला एका हाताने सांभाळत मी डावीकडचा बीकर त्यांच्यापुढे सरकवला. "हा."

"दोन्ही सारखेच आहेत."

"मग हा प्या."

पोळसाहेब एकदा ह्या बीकरकडे, एकदा त्या बीकरकडे बघत होते. नजरेने ते मघाचा खेळ पुन्हा खेळत होते आणि आता त्यांना उत्तर दिसत होतं. मॅडमनी हातातला बीकर खाली ठेवला. चादरीची चुणी हाताने सारखी केली.

"चहा निवतोय सगळ्यांचा," त्या म्हणाल्या. "चला, आधी चहा घेऊ या."

लोक उठले, खुर्च्या वाजल्या. मी फोटोग्राफरसमोर जाऊन उभी राहिले. "माझ्या मुलीचा फोटो काढून टाका. माझ्यासमोर." तो इकडेतिकडे बघू लागला, तेव्हा आत्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ह्या सगळ्यातलं किती त्यांना समजलं होतं कोण जाणे, पण लग्नातल्या साडीचा पदर त्यांनी कमरेला खोचला होता. त्याने फोटो पुसला. मी पडदा बघून खात्री केली.

पोळसाहेब चहा न घेता निघाले. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "ताई, ते पाणी तुमी पुण्यामुंबईला कुठं तपासून द्या. मी थांबतो तवर." ते थांबले. कारखान्यात ती पद्धत आलीच नाही.

माझं म्हणाल तर त्या लॅबमधली माझी वर्षं वाया गेली. दुसरे गाइड मिळायला वेळ लागला, कारण शेटे मॅडमशी भांडलेली मुलगी ही ओळख माझ्या आधी पोचायची. इरफान तिथेच राहिला. त्याला दोष देत नाही, त्याचं सगळं काम तिथे अडकलं होतं. आता मी दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते. मॅडमना पुढे एकदा कुठलासा पुरस्कार मिळाल्याचं वाचलं. पेपर मी चुरगळला नाही, नीट घडी करून रद्दीत ठेवला, आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारचं, सगळे चहाला गेल्यानंतरचं. लॅबच्या कोपऱ्यात बेसिन होतं. मी मुक्ताला कमरेवर आडवी धरून तिचा हात नळाखाली धरला होता. चोळत होते, पुन्हा धरत होते, पुन्हा चोळत होते. तिचं रडणं थांबलं होतं, पाण्याशी खेळावं म्हणून बोटं उघडमीट करत होती. मागे पावलं वाजली. मी वळले नाही.

"मी तिला पाजणार नव्हते ग," मॅडम म्हणाल्या. "नुसता हात तर होता."

माझ्या तोंडाशी इतकं काही आलं होतं. केबिनचं बंद दार, बाहेरचं स्टूल, राहुल ह्या टेबलाखाली रांगला तेव्हा त्याचा हात तुम्ही कशात बुडवलात, सगळं. त्यातलं एकही बोलले असते तर मी रडले असते आणि मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

"किती वेळ धुऊ?" मी विचारलं. "तुम्हीच सांगा. तुम्हाला माहितीये."

मला वाटलं, त्या निघून गेल्या. नळ वाहत होता. मग शेजारून त्यांचा हात आला आणि साबणाची वडी माझ्याकडे सरकली.

"नखांच्या आत बघ," त्या म्हणाल्या.